मूठ

पिस्तूल साधंच. हवेचं. छर्रा कागदाला भोक पाडतो,
तेही सुबक, टिकलीएवढं.
खारच्या हेमलता त्रिलोकेकरांनी दिलं
जुन्या टॉवेलात गुंडाळून, पावतीसकट.
'ह्यांच्या हातचं आहे,' म्हणाल्या,
आणि मी ते काठोकाठ भरलेल्या कपासारखं
दोन्ही हातांनी घेतलं.

हातचं म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं.
अक्रोडाच्या मुठीत त्यांचा हात तसाच होता:
अंगठ्याची खळगी, तळव्याखालचा उंचवटा,
करंगळीपाशी घामाने काळी झालेली
बोटभर गुळगुळीत जागा.
माझा हात आत गेला
आणि बापाच्या चपला घातलेल्या पोरीसारखा
नुसता हलत राहिला.

मी कवळ्या करते. ठाकूरद्वारला,
दवाखान्याच्या पोटमाळ्यावर, एकतीस वर्षं.
हिरड्यांचे ठसे येतात, नावाची चिठ्ठी लावून.
माणूस येत नाही.
गोठोस्करांचं हसू मीच घडवलं,
गोठोस्कर कोण, मला ठाऊक नाही.
रिकाम्या जागेला घाबरायचं माझं वय गेलं.

तेव्हा मापाची गुलाबी लुकण कालवली,
मुठीवर थापली, हात मिटला,
भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं मोजली.
उघडला तर माझी बोटं, चार घळी,
आणि संधिवाताने वाकडं झालेलं मधलं पेर
जे मी कुणालाच दाखवत नाही.

मग कानस.
रात्री दहानंतर, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून,
एक डोळा दुधावर.
कुठे भर घालायची: लाकडाचा भुसा, डिंक, पुन्हा भुसा.
कुठे काढायचं.
दातांची बारीक चक्की लावली तेव्हा
सामंतबाई दारात.
'काय करतेस गं रात्रीची?'
'मूठ करतेय.'
त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.
आवाज खाली आणून म्हणाल्या, 'कुणावर?'

चाप तपासायला अर्ध्या किलोचं वजन लागतं.
त्याहून हलका चाप स्पर्धेत चालत नाही.
कोपऱ्यावरच्या ताराबाईंनी त्यांचं दिलं,
बोंबलाच्या वासाचं.
नळी छताकडे, वजन चापाला टांगलेलं,
श्वास धरून उचलायचं.
तीनदा उचललं, तीनदा चाप गप्प.
चौथ्यांदा टक्.
स्क्रूला केसभर पीळ दिला. पुन्हा.
वजन परत करताना ताराबाई म्हणाल्या,
'बरोबर भरलं ना? माझ्या मापात खोट नसते.'

राहिली अंगठ्याची खळगी.
ती काढल्याशिवाय माझा अंगठा सरळ बसेना.
कानस लावली आणि अक्रोडाचा वास आला,
तुरट, ओलसर, कपाट उघडल्यासारखा.
दहा-बारा घासांत ते गेले.
एवढंच लागतं.
मी कधी भेटले नव्हते त्यांना. फोटोही नाही पाहिला.
तरी हात धुतला, मग उगाच पुन्हा धुतला.

करंगळीच्या जागेशी हात थांबला.
माझी करंगळी आखूड, ती काळी जागा
तिच्यापुढे अर्धा इंच उरते.
नियमाने भरायला हवी. पकड पक्की होते,
नेम डावीकडे ओढला जात नाही.
भुसा कालवून ठेवला होता.
वाटीतच वाळला.

हेमलताबाईंचा फोन आला,
'बसली का हाताला?'
'बसली,' मी म्हटलं.
झाकली मूठ.

रविवारी वरळीला रेंजवर दहा छर्रे मारले.
आठ, आठ, नऊ, सहा.
सहा डावीकडे.
शेजारच्या पट्टीवरचा पोरगा, चौदा वर्षांचा,
माझी मूठ बघून म्हणाला, 'काकू, इथे फट राहिलीय.'
'असू दे,' मी म्हटलं,
आणि पुढचा छर्रा भरला.