तिसरा रकाना

फेब्रुवारीत खासदारांच्या कचेरीत
फोनवर बसायचं काम मिळालं मला. बिनपगारी.
ओहायो नदीकाठी, कोल्टन फेरीत,
बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या माडीवर.
जिन्यात अजून कातड्याचा वास होता.

गार्लंडने तक्ता दिला. दोन रकाने:
बाजूने. विरोधात.
"नाव, पत्ता आणि एक रेघ.
चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.
वाद घालायचा नाही, शब्द द्यायचा नाही.
'साहेबांच्या कानावर घालते', एवढंच म्हणायचं."

मंदीवर उतारा म्हणून सरकार पैसा ओतणार होतं,
आकडा एवढा लांब
की बातम्या सांगणारा मध्येच आवंढा गिळायचा.

काचेच्या कारखान्यातून कमी केलेली माणसं
बरोब्बर सातला फोन करायची, पाळीच्या वेळेला.
कचेरी नऊला उघडते हे माहीत असून.
यंत्रात नुसते श्वास सापडायचे.

एक बाई म्हणाली, माझ्या नातवंडांच्या डोक्यावर कर्ज नको.
रेघ.
एक जण म्हणाला, मला नातवंडं व्हायची
तर आधी पोराला नोकरी लागू दे, लग्न होऊ दे.
रेघ.
एकाने नुसत्याच शिव्या घातल्या.
कुठल्या रकान्यात लिहू, विचारलं,
तर म्हणाला, दोन्हीत.
ह्राबाकबाई रोज करायच्या. नियमाने त्यांची रेघ एकदाच.
मी रोज ओढली.

मग व्हर्लिन स्टॅम्पर. शाळेची बस चालवतो.
म्हणाला, मोझरच्या ओढ्यावरच्या पुलाला पाटी आहे, आठ टन.
माझी बस रिकामी साडेसात.
मुलांना अलीकडे उतरवतो,
रिकामी बस पलीकडे नेतो,
मुलं चालत येतात, परत चढतात.
रोज दोनदा. बर्फ असला तरी.
"बाजूने की विरोधात, मिस्टर स्टॅम्पर?"
"पोरी, मी पुलाबद्दल बोलतोय."
थोडं थांबून म्हणाला,
"अलीकडे मोजतो, एकतीस. पलीकडे परत मोजतो.
तुमच्याकडे पैसे मोजताना
दोनदा मोजतात का, तेवढं विचारून ठेव."

मी पट्टीने तिसरा रकाना आखला.
वर काय लिहायचं ते सुचेना.
तसाच ठेवला.
गुरुवारपर्यंत तो सगळ्यात भरला होता:
वाचनालयाचा बॉयलर,
कुणाच्या तरी आईला डायलिसिसला नेणारी गाडी,
आणि एक म्हातारा, ज्याला काहीच नको होतं,
फक्त फोन माणसाने उचलला याचं आश्चर्य वाटत होतं.

राजधानीतल्या फॉर्मवर दोनच चौकटी.
गार्लंड तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिला.
त्याची बहीण मोझरला दिलेली, हे मला नंतर कळलं.
"बाजूनेमध्ये धर," तो म्हणाला.
"पैसाच हवाय ना त्यांना."
मी धरला.

साहेबांनी विरोधात मत दिलं.
विधेयक मंजूर झालं.
पुढच्या ऑक्टोबरात साहेब फीत कापायला आले,
हसून, पिवळं हेल्मेट घालून.
पुलाचे नकाशे तयार नव्हते, रस्त्याचे होते.
म्हणून पुलापर्यंतचा रस्ता झाला,
काळाभोर, पांढऱ्या पट्ट्यांचा,
आणि पुलाशी येऊन थांबला.

नोव्हेंबरात साडेतीनला व्हर्लिनचा फोन.
मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.
"रस्ता छान झालाय," तो म्हणाला.
"कॉफी सांडत नाही. साहेबांना सांग."
टोमणा होता का ते अजून ठरवता आलेलं नाही.

मागे इंजिन घरघरलं, बंद झालं. दार उघडलं.
थांब हं, म्हणाला, आणि फोन कुठेतरी ठेवला,
बहुधा खिडकीपाशी.
वारा येत होता. बूट येत होते, एकामागून एक.
तो मोजायला लागला.

समोर कोरा तक्ता होता.
मी पेन्सिल उचलली.
चार उभ्या, पाचवी आडवी.