संकेतांक नव्व्याण्णव

निवृत्तीला विभागानं शाल दिली, नारळ दिला,
आणि माळ्यावरची माझी खोकी उचलायला
आठ दिवसांची मुदत.
कामगाराला निदान महिन्याची नोटीस मिळते.

तीन खोक्यांत नुसत्या कॅसेटी. निळ्या शाईत माझंच अक्षर :
सातपूर, टाळेबंदी, १९८८. उत्तरदाता क्रमांक त्रेचाळीस.
उत्तरदात्याला नाव नसतं, असा नियम.
याला होतं. तुळशीराम काकुळते,
गाव सटाण्याकडचं, खातं ग्राइंडिंग,
उजव्या हाताची तर्जनी एका पेरापुरतीच,
तरी युनियनचा खजिनदार. म्हणायचा,
"बोट कमी आहे मॅडम, मोजणी नाही."

ऑफिस त्र्यंबक रोडला, वेल्डिंगच्या दुकानावर.
लोखंडी जिना. मी इस्त्रीची साडी सावरत चढू लागले
की खालच्या ठिणग्या तेवढ्यापुरत्या थांबायच्या.
मॅडम तेव्हा सत्तावीस वर्षांच्या,
शिष्यवृत्ती महिना आठशे रुपये,
म्हणजे टाळेबंदीतल्या त्यांच्या पगारापेक्षा
आठशेनं जास्त.
हा फरक मी कुठल्याच तक्त्यात दाखवला नाही.

प्रश्नावली सोळा पानी. पंचविसावा प्रश्न :
हा लढा आपण हरलो असं आपल्याला वाटतं का?
होय, एक. नाही, दोन. सांगता येत नाही, तीन.
उत्तर न दिल्यास नव्व्याण्णव.

त्रेचाळीसपुढे मी नव्व्याण्णव लिहिलं.

त्या नव्व्याण्णववर माझं पुष्कळ भागलं.
प्रबंधातलं चौथं प्रकरण, 'पराभवानंतरचं मौन',
त्यावर पदवी, पदवीवर नोकरी, नोकरीवर
इंदिरानगरचा दोन खोल्यांचा फ्लॅट.
एकदा जिनिव्हाला जाऊन वीस मिनिटं बोलले मौनावर,
प्रश्नोत्तरांना वेळच उरला नाही.

काकुळते गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं.

सांगितलं ते त्याच्या नातवानं. गेल्या साली, अंबडला.
कंत्राटी कामगारांवरचा माझा शेवटचा प्रकल्प,
आणि समोर आडनाव तेच, कपाळ तेच,
अंगात ठेकेदाराचा पिवळा शर्ट, अकरा महिन्यांपुरता.
नाव केदार. मी विचारायच्या आत त्यानंच विचारलं,
"आजोबा कुठल्या तरी युनियनमध्ये होते म्हणे.
काय करायचे ते नेमकं?"
मी म्हटलं, खजिनदार होते.
"पैसे असायचे का त्यात?"

शालिमारच्या एका दुरुस्तीवाल्यानं
जुना टेपरेकॉर्डर चालू करून दिला.
रात्री लावली त्रेचाळीस. खाली वेल्डिंगचं चरचरणं,
माझा आवाज, केवढा नीटनेटका,
पंचविसावा प्रश्न.
मग जिन्यावर पावलं. बरीच. मग नाणी, टेबलावर.
आणि त्याचा खालचा सूर, एकेक नाव लावत :
गायधनी, दोन. खैरनार, दोन. शेख, एक, एक राहिला.
बागूल... असू दे, बागूल, पुढल्या महिन्यात दे.
माझा आवाज : काकुळते, उत्तर?
"थांबा हो मॅडम. वर्गणी चाललीय."

पगार बंद होऊन नववा महिना होता.

टंकलेखनात या जागी कंसात एक शब्द आहे : व्यत्यय.
तोही मीच सांगितला होता घालायला.

केदारची दुसरी पाळी साडेअकराला सुटते.
फोन लावला. कॅसेट पुन्हा मागे नेऊन
मोबाइल टेपरेकॉर्डरला टेकवून धरला,
त्याच्या मागं कंपनीची बस, पोरांची हसाहस,
मग तीही नाही.
"आजोबांचा आवाज असाच होता," तो म्हणाला.
मग जरा थांबून,
"त्या बागूलनं दिले का, पुढच्या महिन्यात?"

पुढच्या महिन्यात मी पुण्यात होते,
ग्रंथालयात, दुसरं प्रकरण लिहीत.

सांगता येत नाही, मी म्हटलं.
माझ्याच प्रश्नावलीतला, तीन.