घासलेला नंबर

फोंड्याच्या हॉलात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन,
पंखे कमी, माणसं जास्त.
ठासणीच्या बंदुकांपाशी फोटोवाल्यांची रांग,
कुणाच्या तरी मिरची-भज्याचं तेल
काचेवर.

मला एकच हवं होतं,
मधून मोडणारं, पाच घरांचं रिव्हॉल्व्हर.
तीन वर्षं शोधतोय.
दिसलं ते शेवटच्या टेबलावर,
मेणकापडात, घोडा कापलेला.

"विकायचं नाही," रुजार कुलासो म्हणाला, कुडतरीचा.
"बापूय गेल्यावर विहिरीच्या कोनाड्यात गावलं.
कुठलं, तेवढं सांगा."

मी भिंग काढलं.
नंबर असतो त्या जागी
कानस फिरवलेली.
घाईघाईत नव्हे. हलक्या हातानं,
बऱ्याच रात्री बसून.

वर पाहिलं. रुजार माझ्या तोंडाकडे बघत होता,
डॉक्टरकडे बघतात तसा.
मागून कुणीतरी कोपर मारलं,
"झालं का हो बघून?"

"बेल्जियम," म्हणालो. "चांगलं राखलंय."

तो केवढा खूश झाला!
पोराला सांगू लागला, बेल्जियम, आयकलं मरे, बेल्जियम.
किंमत मी विचारलीच नाही.
ती बाजू खाली करून
दिलं परत.