काळी टाकी, करडी टाकी

भोगव्यात चौथ्या दिवशी
ट्रेलरमधला तांबडा दिवा लागला.
मी उताराकडे, लाटांकडे पाहिलं.
बाबल खवणेकरानं मला पाहताना पाहिलं.
'दर्यात नको. थंय माजी जाळी आसत.'
एवढंच. आणि पहार आणायला गेला.

विहिरीपासून पावलं मोजत, मोठ्यानं,
सुरंगीच्या पल्याड
संडासाच्या टाकीवरची लादी त्यानं उचकटली.
'आदी काळी सोड, मगे करडी.
भांड्यांच्या पाण्यान नळी धुवान निघतली.'
जन्मात ट्रेलर न पाहिलेला माणूस.
मी माहितीपुस्तक मिटलं.

नळी फुगली, एकदा उसळली, वाहू लागली.
चार दिवसांचे आम्ही.
वास आला तसा मी हटलो;
तो नळीवर पाय ठेवून उभा,
बांगड्याचा भाव सांगत.
मग करडं पाणी: भाताची शितं,
तेलाचे डोळे, हिचा एक लांब केस.
शेवटची बादली त्यानं मागून घेतली,
मागीलदारी अळवात ओतली.

निघताना पैसे घेतले नाहीत.
अळवाची जुडी दिली, केळीच्या सोपानं बांधलेली.
घाट चढताना ही म्हणाली,
ह्याला पाणी कुठलं असेल रे?
मी दुसरा गिअर टाकला.