धुराची उंची

महापे एमआयडीसीत आमची प्रयोगशाळा:
दोन खोल्या, एक एक्झॉस्ट फॅन
आणि दारावर पाटी, 'आत आग नेऊ नये'.
माझं काम म्हणजे दिवसभर आत आग नेणं.

पितळी कपात खुणेपर्यंत तेल.
वर झाकण, झाकणाला बोटाएवढी खिडकी.
अर्धा अर्धा अंश तापवत जायचं
आणि दर वेळी खिडकी उघडून
मण्याएवढी ज्योत आत डोकावू द्यायची.
अजून नाही. अजून नाही. अजून
आणि मग निळं काहीतरी तेलावरून धावत जातं,
विझतं.
पेटत नाही ते, नुसतं हो म्हणतं.
तेवढा आकडा वहीत लिहायचा.

पेट्रोलला विचारावंच लागत नाही,
बर्फात बसवलं तरी त्याचं हो ठरलेलं.
डिझेल जरा आग्रह करून घेतं.
भट्टीचं तेल म्हणजे सरकारी कचेरी:
सासष्टच्या आधी खिडकीशी कुणी येत नाही.

रॉकेल आता क्वचितच येतं. त्याची परीक्षा निराळी.
वात वर वर करायची,
ज्योतीला काळी शेपटी फुटली की हळूच खाली.
शेपटी गळाली की थांबायचं, पट्टीवर बघायचं:
किती उंच जळता येतं याला, धूर न सोडता?
अठरा मिलिमीटर म्हणजे पास.
सव्वीस मी एकदाच पाहिलं
आणि उगाच शेजारच्या टेबलावरच्या गोम्सबाईंना बोलावून दाखवलं.

घणसोलीत आमची हासूआत्या
हेच करायची, पाटीशिवाय.
खाडीवरून तिवराची मोळी यायची,
ती फांदी नखानं खरवडून बघायची.
"वला लाकूर आधी ररतं, मंग जलतं."
करवंटी फक्त पाहुण्यांच्या चहाला,
भडकते आणि पाहुण्यांआधी उठून जाते.
शेणी रात्रीच्या दुधाखाली.
पद्यानं एकदा चुलीत टायरचा तुकडा टाकला
तेव्हा फुंकणीचा वळ त्याच्या पाठीवर
पुढच्या अमावस्येपर्यंत होता.
"असला जालशील तं जेवू नको माज्या हातचा."

तिची छाती मात्र कुणी तापवून, मोजून पाहिली नाही.
घरात गॅस आला तेव्हा ती निळ्या ज्योतीपुढे
बराच वेळ बसून राहिली.
धूर नाही, तर ही आग कशावरून?
मग बोट घालून पाहिलं.

गुरुवारी नमुना आला.
शिळफाट्याकडचा पंप, डिझेल, बाटलीच्या तोंडाला लाख.
सोबतच्या कागदावर टँकरचा नंबर.
त्या टँकरच्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत
'हासूबायची कृपा' लिहिलंय.
रंग मीच निवडला होता, पद्यानं विचारलं तेव्हा.

पस्तीसच्या वर हो म्हणायला हवं होतं.
एकविसाला निळं धावलं.
कप धुतला, पुसला, पुन्हा भरला. एकवीस.
तिसऱ्यांदा हात हलला, ते धरलं नाही.
चौथ्यांदा साडेएकवीस.
कुणीतरी वाटेत कसलं तरी सॉल्व्हेंट पाजलं होतं त्याला.
कुणीतरी, असंच मी मनात म्हटलं.
वहीत तेवढंही लिहिता येत नाही.
आकडा, तारीख, सही: मंदाकिनी पदाजी मढवी.

रात्री तो आला, दोन डझन केळी घेऊन.
"ताई, लवकर पेटतं म्हणजे चांगलंच ना?"
मी हसले. मलाच कळलं नाही कशाला.
लायटर तीनदा नुसता कटकटला,
चौथ्यांदा गॅस लागला.
वारा आत यावा म्हणून खिडकी उघडली,
आपटू नये म्हणून तिथं आत्याची फुंकणी अडकवलेली असते.
पद्या तिच्याकडे बघत होता.

वाढलं तेवढं जेवला.
ताट उचलून मोरीत ठेवलं,
जे तो कधीच करत नाही.