ओफी

दप्तर न काढताच ती म्हणाली,
बाबा, अरबीच्या तासाला मी ओफी असते.
मिस हनानकडे व नाहीये.
संपला का, असं विचारायच्या आत तिनंच सांगितलं,
पहिल्यापासूनच नाहीये त्यांच्याकडे,
आणि बुटाचा पट्टा फर्रकन ओढला.

नाव ठेवताना आम्ही अर्थ बघितला,
आडनावासोबत मोठ्याने म्हणून बघितलं.
कुठल्या देशात व नाही
हे बघायचं राहिलं.

मी कारखान्यात फरशा तपासतो.
दिव्याखालून सरकत येतात पट्ट्यावर,
टवका उडालेली बाजूला,
रंग फिका, बाजूला,
केसाएवढी चीर, बाजूला.
डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं.
घरी आलो की तिची वही पुढ्यात येते:
क चं पोट सुटलेलं, ळ आडवा झोपलेला,
इंग्रजीतला बी सामानासकट
डी च्या घरी राहायला गेलेला.
हात उठतो सवयीने.
मग मी पेन्सिलीला टोक करून देतो.

मराठी शनिवारी. ती चित्राकडे.
रव्याच्या ताटात बोटाने गिरवायचं,
चुकलं की ताट हलवायचं, झालं कोरं.
परवा ओवी पूर्ण लिहून झालं
आणि निहार येऊन ओ वरची मात्रा चाटून गेला.
उरलं आवी.
दोघं इतकी हसली की रवा गालिचाभर,
आणि चित्रा, जी तिकडे सातवीच्या वर्गाला
नुसत्या नजरेने गप्प करायची,
हातात झाडू घेऊन तशीच उभी राहिली,
हसू दाबत.

काल रात्री ओळखपत्रं काढली, नूतनीकरणाला द्यायची होती.
तिनं तिचं उचललं, बोट ठेवलं उजवीकडे,
अलिफ. वाव. फा. या.
बाबा, इथे पण मी ओफीच आहे!
चार वर्षं ते माझ्याच पाकिटात होतं.
मग माझं कार्ड घेतलं. बराच वेळ लागला.
ओठ हलत होते, गॅसवर डाळ उतू गेली.
फा... मा... फामान.
तुझ्याकडे पण व नाहीये, बाबा.
आजोबांचं नाव मला दिलेलं, वामन,
आणि सात वर्षं प्रत्येक खिडकीत, प्रत्येक दवाखान्यात
मी फामान म्हणून रांगेत उभा होतो
आणि मला ते आत्ता कळत होतं
पुढचे दोन दात नसलेल्या तोंडातून.

झोपताना म्हणाली, अलिफ आहे ना,
तो मागच्याचा हात धरतो, पुढच्याचा धरत नाही.
वाव पण तसाच. अशी सहा आहेत.
रागावलेत का ते?
नाही, मिस म्हणतात, ते तसेच आहेत.
आपल्याकडे कसं सगळे एका दोरीला,
वाळत घातल्यासारखे, असं काहीतरी मी म्हणालो,
पण ती झोपली होती.

सकाळी सहा वीस. रात्रपाळीहून सरळ बसपाशी.
ऊन आत्ताच डोंगर उतरून पार्किंगमध्ये आलेलं.
गणवेश दोन बोटं मोठा, पुढच्या वर्षीसाठी दुमडलेला.
बसच्या दारात शीजाताई हात पुढे करून उभ्या.
पायरीपर्यंत तिची मूठ माझ्या हातात होती, गरम, थोडी चिकट.
मग नव्हती.
शीजाताईंचाही हात तिनं धरला नाही,
दांडी धरली,
आणि आत गेली. खिडकीच्या काळ्या काचेतून
काहीच दिसत नाही, तरी मी हात हलवला.

निहार खाली आलाय, तिचं जुनं दप्तर पाठीला,
आत एक चमचा.
माझी बस, म्हणतो, आणि पायरीवर बसतो.
उचलू गेलं की ताठ होतो.
मग मीही बसतो शेजारी.
पायरीची फरशी आमच्याच कारखान्यातली,
रंगावरून ओळखतो मी.
कडेला केसाएवढी चीर आहे.
कुणी पास केली होती कोण जाणे.