वरच्या गोदामाची किल्ली

सोनोग्राफीवाल्याने पडद्यावर बोट टेकवलं: हा बघा, सहा मिलिमीटर.
राखाडी ढग, आणि ढगात एक पांढरा दाणा,
साबुदाण्याएवढा, न भिजलेला.
लहानपणी मला कुणाचं बोलणं लागत नसे,
बाबा म्हणायचे, ही नर्मदेतला गोटा आहे.
चाळीस वर्षांनी तो आत जाऊन बसला.

डॉक्टर छाजेड लिहीत होते, मी उलटं वाचत होते.
मीठ कमी. पालक, बीट जपून.
दाण्याचं कूट मूठभर नको, चिमूटभर.
दूध सोडू नका, जेवताना वाटीभर दही घ्याच.
(बोंद्रेकाकू कालच दूध सोडायला सांगून गेल्या होत्या,
जाताना दारातूनही सांगत होत्या.)
लिंबूपाणी, बिनसाखरेचं.
मी विचारलं, शिकंजी चालेल?
ते हसले. बाकी जगाची चालेल, इंदूरची रबडीवाली नाही.
आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ मारून: पाणी.

मीठ कमी!
ज्या गावात पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण,
आणि वरण पातळ झालं तरी उपाय शेवच.
डबा वरच्या फळीवर ठेवला.
रात्री स्टुलावर चढून खाली काढला.
सकाळी तो भाचीच्या घरी पोचवला, तेव्हा कुठे झोप लागली.
आळूचं फदफदं घरच्यांसाठी करते अजून,
चव बघायला एक चमचा,
तोही दह्यात बुडवून, चोरासारखा.
हे सगळं जमलं. जमतं.

पण पाणी.

बावीस वर्षं कपडा मार्केटात साड्या उलगडते आहे,
साडेदहा ते साडेआठ, पांढऱ्या गादीवर मांडी घालून.
दुकानात माठ आहे. माठावर पेला आहे. पेल्याला साखळी आहे.
पुरुष माणसं शीळ घालत गल्लीतून जाऊन येतात.
आमच्यासाठीही आहे, स्वच्छ आहे,
पण पार टोकाला, आणि लग्नसराईत
शेठजी काही बोलत नाहीत, घड्याळाकडे बघतात.
म्हणून मंजू जीजी, मी आणि आफरीन
सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघतो
आणि दिवसभर नुसते ओठ ओले करतो.
आफरीन नवी आली तेव्हा तिला सांगितलं होतं,
जूनमध्ये सुपारीचं खांड गालात धर, तहान कळत नाही.
कुणी सांगितलं?
मी सांगितलं.

मंगळवारी चिठ्ठी शेठजींच्या पुढ्यात ठेवली.
त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली.
तो पियो ना ताई, माठ आपलाच आहे.
म्हटलं, माठ नको. वरच्या गोदामाची किल्ली द्या.
गोदामात मोरी आहे, नळ आहे, कडीचं दार आहे,
बावीस वर्षांत मी ते दार फक्त माल मोजताना पाहिलं.
ते वहीत बघू लागले.
मी बनारसीची घडी घालत होते,
काठ जुळेना, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.
मग खण उघडल्याचा आवाज आला.

किल्ली आता आरशाशेजारच्या खिळ्यावर असते.
चौदा पायऱ्या आहेत, मी मोजल्या.
आमच्या नळाला नर्मदा एक दिवसाआड येते,
जलूदहून पंपांच्या खांद्यावर बसून घाट चढते,
तिच्या मानाने चौदा म्हणजे काय.
पहिल्या दिवशी वर जाऊन नुसतीच उभी राहिले,
गोण्यांच्या वासात, घाई नसताना.

खडा अजून तिथेच आहे.
घरी चहाची जुनी गाळणी वेगळ्या कामाला लागली आहे,
तिला वेगळा खिळा दिलाय, कुणी चुकून उचलू नये.
रोज सकाळी उजेडात धरून बघते. काही नाही.

आज दुपारी आफरीनने पेला काठोकाठ भरला,
साखळी ताणली गेली,
आणि एका दमात प्यायली.
गिऱ्हाईक समोर होतं,
घोट न् घोट ऐकू येत होता.
गालातली सुपारी तिने आधीच काढून
माझ्या बिलबुकावर ठेवली होती.